ज्येष्ठमधाची काडी आणि पोटातला अल्सर

आजच्या एपिसोडची सुरुवात आमच्या घरातूनच करतो.

माझा मामा बरीच वर्षं ॲसिडिटीने हैराण होता. कुणीतरी म्हणालं, ज्येष्ठमधाचं चूर्ण घे. त्याने घेतलं आणि खरंच बरं वाटलं. मग काय, रोज दोन-दोन चमचे, तेही चार महिने! हळूहळू चपला घट्ट व्हायला लागल्या, पाय सुजले, बीपी वाढलं. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय घेता?" मामा म्हणाला, "काही नाही, फक्त ज्येष्ठमध." त्या म्हणाल्या, "मग आधी तेच बंद करा."

त्या 'फक्त'ने माझी झोप उडवली. शोधायला बसलो तर कळलं, अगदी हीच गोष्ट १९४६ साली नेदरलँड्समध्ये नोंदवली गेली आहे.

तिथल्या हेरेनवेन गावात रेव्हर्स नावाचे डॉक्टर होते. गावातल्या एका औषधवाल्याने बनवलेलं औषध घेऊन अल्सरच्या पेशंटना आराम पडतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यात होता ज्येष्ठमधाचा अर्क. रेव्हर्सनी तो स्वतः पेशंटना देऊन पाहिला. गुण आला. पण साधारण पाचातल्या एकाच्या चेहऱ्यावर आणि हातापायांवर सूज आली. त्यांनी दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या, गुणही आणि सूजही. मला त्यांचं हेच मोठेपण वाटतं.

सूज का येते? ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन असतं. ते शरीरातल्या एका एन्झाइमला अडवतं. मग कॉर्टिसोल हे हार्मोन किडनीला भलताच निरोप देतं: मीठ आणि पाणी धरून ठेव, पोटॅशियम सोडून दे. हे कोडं नीट उलगडायला १९८०चं दशक उजाडलं.

तोपर्यंत ब्रिटनमध्ये ज्येष्ठमधापासूनच कार्बेनोक्सोलोन नावाचं औषध तयार झालं होतं. १९६२ साली रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी त्याची चाचणी प्रसिद्ध केली. हो, सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचं नातं दाखवणारे तेच डॉल! जठरातले अल्सर लवकर भरत होते, पण सूज आणि बीपी इथेही पाठ सोडेनात. १९७६ साली ॲसिड कमी करणारं सिमेटिडिन बाजारात आलं आणि कार्बेनोक्सोलोन मागे पडलं.

पण अल्सर होतो कशामुळे? ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी एका जंतूकडे बोट दाखवलं, हेलिकोबॅक्टर पायलोरी. लोकांना पटेना. १९८४ साली मार्शलनी तो जंतू चक्क पिऊन टाकला! थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. आज अल्सरची दोन मोठी कारणं मानली जातात: हा जंतू आणि वारंवार घेतलेल्या पेनकिलर.

मग वनस्पतींचं काम संपलं का? नाही. जखमी अस्तरात फ्री रॅडिकल तयार होतात, म्हणजे दुसऱ्यांचे इलेक्ट्रॉन पळवणारे रेणू. ते पेशींच्या आवरणाची नासधूस करतात. अँटिऑक्सिडंट त्यांना आपला इलेक्ट्रॉन देऊन शांत करतात. कोलकात्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल बायॉलॉजीतल्या शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवलं, की कडुनिंबाच्या सालीचा अर्क उंदरांच्या जठरात दोन कामं करतो: ॲसिडचा पंप रोखतो आणि अशा रॅडिकलनाही आवरतो. पुढे थोड्या पेशंटवरही तो वापरून पाहिला गेला.

आता इथे एक मेख आहे. अशा बहुतेक प्रयोगांत उंदराला आधी अर्क पाजतात आणि मग दारू किंवा पेनकिलर देऊन जखम करतात. आपण मात्र जखम झाल्यावर डॉक्टरकडे जातो! आधीचं संरक्षण आणि नंतरचा उपचार यांत फरक आहे. शिवाय अँटिऑक्सिडंटने जंतू मरतोच असं नाही.

मामाची नंतर टेस्ट झाली. जंतू सापडला, दोन आठवडे गोळ्या घेतल्या, त्रास गेला. चूर्णाने त्याला आराम दिला होता, हे खोटं नाही. पण त्या आरामापायी खरी टेस्ट चार महिने लांबली.

तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, तर चूर्ण-काढेही सांगा. बीपीची गोळी चालू असेल तर रोजचा ज्येष्ठमध स्वतःच्या मनाने नको. आणि शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर हा एपिसोड पॉज करा आणि थेट दवाखाना गाठा.

मामा घसा बसला की अजूनही ज्येष्ठमधाची काडी चघळतो. छोटीशी, आणि ती पण कधीतरीच. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!