फॉरमॅट मारण्याआधी

रत्नागिरीत मांडवीला लहानाचं मोठं झालेल्या माणसाला लोखंडाबद्दलच्या दोन गोष्टी शाळेत शिकवाव्या लागत नाहीत. आमच्या काळ्या समुद्राच्या वाळूतून लोहचुंबक फिरवला की त्याला काळ्या कणांची दाढी येते, ही पहिली. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, ही दुसरी. खिडकीचे गज, सायकलची चेन, गेटची बिजागरी, सगळं दोन पावसाळ्यांत तांबूस.

हार्ड डिस्कचा जन्म या दोन गोष्टींच्या मध्ये कुठेतरी आहे. १९५६ साली आयबीएमने रामॅक नावाचं यंत्र आणलं. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांच्यावर लेप होता लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे रसायनशास्त्राच्या हिशेबाने गंजाच्या भाऊबंदाचा. त्या लेपाचं चुंबकत्व जागोजागी इकडून तिकडे वळवून ५० लाख अक्षरं साठवता यायची. पुढे लेप बदलले, तबकड्या तळहाताएवढ्या झाल्या, पण मूळ कारभार तोच राहिला: गरगर फिरणारी तबकडी, तिच्यावर पुढेमागे सरकणारा दांडा, आणि हवी ती जागा दांड्याखाली येईपर्यंत वाट पाहणं. हे वाट पाहणं लक्षात ठेवा.

आमच्या घरचा कॉम्प्युटर २०१२ सालचा. दोन जीबी मेमरी, ५०० जीबीची हार्ड डिस्क. मी पुण्याला नोकरीला गेल्यावर तो पूर्णपणे बाबांचा झाला. गोळपच्या बागेतल्या आंब्याचा सगळा हिशेब त्यात आहे: कुठल्या वर्षी किती पेट्या, कुणाला, काय भावाने, किती पैसे आले आणि किती अजून यायचे आहेत. आजीचा आवाजही त्यातच आहे. मी कॉलेजात असताना तिच्याकडून आरत्या म्हणवून घेतल्या होत्या, ती रेकॉर्डिंग्ज. आजी आता नाही आणि दुसरी कॉपीही नाही.

गेल्या गणपतीच्या आधी हा कॉम्प्युटर हँग व्हायला लागला. माउसचा बाण हलतो, पण क्लिक केलं की काही होत नाही. पुढच्या बाजूचा छोटा लाल दिवा पेटलेलाच राहतो. मिनिटभराने सगळं एकदम जागं होतं आणि दहा मिनिटांनी पुन्हा बसतं. फोनवर बाबांनी निदान सांगून टाकलं, "व्हायरस शिरलाय रे त्यात. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारू, दोन तासांत देतो." मी एवढंच म्हटलं, की मी येईपर्यंत तो चालूच करू नका.

बाबांचं निदान वेडेपणाचं मुळीच नव्हतं. स्लो म्हणजे व्हायरस हे समीकरण आपल्याकडे पिढीभराच्या अनुभवातून आलं आहे. पीसीवर पसरलेला पहिला गाजलेला व्हायरस, ब्रेन, १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. त्यात त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही टाकला होता! त्याचं एक लक्षण हेच, की फ्लॉपी ड्राइव्ह मंदावायचा. मग २६ एप्रिल १९९९ ला तैवानच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच जगभर फुटला. त्याने हार्ड डिस्कवरचा डेटा तर पुसलाच, काही मशिनांची बायोस चिपही खराब केली.

आपल्या महाराष्ट्राचा या गोष्टीत थेट हात आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि त्यातूनच कॉम्प्युटर दुरुस्तीत आले. दुरुस्तीला येणाऱ्या मशिनांत व्हायरसची डोकेदुखी फार, म्हणून धाकट्या भावाने, संजय काटकरांनी, प्रोग्रॅम लिहिला. १९९५ साली पुण्यातून क्विक हील बाजारात आलं. अँटिव्हायरसचा एवढा मोठा भारतीय धंदा प्रयोगशाळेतून न येता दुरुस्तीच्या टेबलावरून आला, याचं मला कायम कौतुक वाटतं.

त्यानंतर आला सायबर कॅफे आणि पेन ड्राइव्हचा काळ. एका कॅफेतून 'न्यू फोल्डर' नावाचं सोंग घेतलेली फाइल घरी आणायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या लॅबला भेट द्यायची, हे माझ्या वयाच्या सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा फॉरमॅट मारणं हे खरोखरच औषध होतं. व्हायरस जायचा, आणि सोबत कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उठणारे पन्नास फालतू प्रोग्रॅमही जायचे. मशीन पळायला लागायचं. रोगाचं नाव न विचारता गुण देणारं औषध असं सवयीचं होतं. त्यापायी घराघरांतले लग्नाचे फोटो, प्रोजेक्ट, हिशेब किती गेले असतील, त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

व्हायरस नसेल तर मशीन बसतं कशामुळे? त्यासाठी आणखी मागे जावं लागतं, मुंबईला. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये भारतीय इंजिनियरांनी बांधलेला टिफ्रॅक हा कॉम्प्युटर १९६० साली कामाला लागला. त्याच्या मेमरीत २,०४८ जागा होत्या, प्रत्येकी ४० बिटांच्या. म्हणजे जेमतेम दहा केबी. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एका 'शुभ सकाळ' चित्रालाही ती पुरली नसती. त्या काळी मेमरी कमी पडली, की प्रोग्रॅमचे तुकडे करून एकानंतर एक कसे आणायचे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागे.

या जाचातून सुटकेची युक्ती मँचेस्टरला निघाली. टॉम किलबर्न आणि सहकाऱ्यांच्या ॲटलस या यंत्राचं ७ डिसेंबर १९६२ ला उद्घाटन झालं. त्याच्याकडे वेगवान मेमरी थोडी होती आणि तिच्या सहापट जागेचा, पण मंद, चुंबकीय ड्रम होता. ॲटलसने प्रोग्रॅमला भासवलं, की ही सगळी मिळून एकच मोठी मेमरी आहे. मेमरीची पानं पाडायची, लागेल ते पान ड्रमवरून आत आणायचं आणि जागेसाठी न लागणारं बाहेर ठेवायचं, हे यंत्र स्वतःच करी. हीच व्हर्च्युअल मेमरी. विंडोजमध्ये आजही तीच आहे.

थाप चांगली आहे, पण तिला मर्यादा आहे. मेमरीतून काही आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात असं धरा आणि फिरत्या डिस्कवरून आणायला १० मिलिसेकंद. फरक एक लाख पट. फळीवरचा मिठाचा डबा काढायला एक सेकंद लागत असेल, तर डिस्कवरून आणणं म्हणजे मिठासाठी रात्रीच्या एसटीने मुंबईला जायचं, दिवस तिथे काढायचा आणि पुन्हा रात्रीच्या एसटीने मांडवीला परत यायचं. एवढ्या वेळात प्रोसेसर काय करतो? काहीही नाही. हँग झालेलं मशीन दमलेलं आहे असं आपल्याला वाटतं, पण आत बहुतेक वेळा कुणीतरी स्टँडवर बसून असतं.

उघडलेल्या प्रोग्रॅमना लागणारी पानं मेमरीत मावेनाशी झाली, की हे आणलेलं ते बाहेर, ते आणलेलं हे बाहेर, एवढाच धंदा उरतो. १९६८ साली पीटर डेनिंग यांनी याची कारणं आणि उपाय नीट मांडले. या अवस्थेचं नाव थ्रॅशिंग. इंग्रजीत हा शब्द मुळात धान्य झोडण्याचा. आपल्याकडे भात झोडतात तसंच, फक्त दाणा एकही पडत नाही. डेनिंग यांचं म्हणणं साधं होतं: ज्या प्रोग्रॅमची त्या क्षणी लागणारी पानं मेमरीत मावत नाहीत, त्याला चालूच करू नका. तुमचा फोन थोडंफार हेच करतो. मेमरी भरली की मागचं ॲप सरळ मारून टाकतो. अर्धा भरलेला फॉर्म परत आल्यावर कोरा दिसतो तो त्यामुळे. राग येतो, पण फोन बसत नाही.

दोन जीबीच्या मशिनात विंडोज टेन आणि आजचा ब्राउझर, म्हणजे थ्रॅशिंगला आमंत्रणच. गणपतीत घरी गेल्यावर माझा पहिला संशय तोच होता. टास्क मॅनेजर उघडला: प्रोसेसर सहा टक्के, डिस्क शंभर टक्के. ब्राउझर बंद केला, सुरुवातीला आपोआप उठणारे प्रोग्रॅम बंद केले. जवळजवळ निम्मी मेमरी मोकळी झाली, तरी डिस्क शंभरावरच आणि वेग मात्र जवळपास शून्य. झोडणी असती तर डिस्कवरून पुष्कळ ये-जा दिसली असती. इथे डिस्क पूर्ण गुंतलेली होती आणि हातात काही देत नव्हती.

तापल्यावरही मशीन मंदावतं, कारण प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. म्हणून डबा उघडला. (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. बाबाही म्हणतात, आणि मी दुरुस्त करत नाही.) आत खाऱ्या हवेने ओलसर झालेल्या धुळीचा थर पंख्याखाली वाकळीसारखा बसला होता. तो काढला. मेमरीच्या पट्टीचे संपर्क खोडरबरने घासले. मांडवीत हा उपाय अंधश्रद्धा नाही, संपर्कांवर खरंच पुटं चढतात. फरक शून्य.

मग डिस्कची स्वतःची नोंदवही वाचली. प्रत्येक हार्ड डिस्क आपल्या तब्येतीचे आकडे ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात, आणि ते दाखवणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. त्यात 'पेंडिंग सेक्टर'समोर शून्य असायला हवं. इथे तीन आकडी संख्या होती. म्हणजे तबकडीवरच्या तेवढ्या जागा डिस्कला वाचता येत नव्हत्या. अशी जागा आली की डिस्क पहिल्या झटक्यात हार मानत नाही. पुन्हा वाचते, पुन्हा वाचते, कित्येक सेकंद तेच. तोवर विंडोज थांबलेलं, विंडोजसाठी सगळे प्रोग्रॅम थांबलेले आणि त्यांच्यासाठी बाबा.

या अवस्थेत फॉरमॅट मारला असता तर? हिशेब पुसले गेले असते, डिस्क तशीच आजारी राहिली असती, आणि कदाचित पंधरा दिवस बरी चालून दुकानदाराला बरोबरही ठरवून गेली असती. डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची सोयही आधी चालवायची नसते. ती मरणाऱ्या डिस्कला तासन् तास पळवते. आधी कॉपी, मग बाकी सगळं.

डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली आणि डीडीरेस्क्यू लावला. त्याची पद्धत शहाणी आहे: सहज वाचता येतं ते आधी उचलायचं, अडलं की तिथे न रेंगाळता पुढे जायचं, आणि शेवटी अडलेल्या जागांकडे पुन्हा वळायचं. बाहेर आरत्या चालू होत्या आणि आत हे. दीड दिवस लागला.

आजीची सगळी रेकॉर्डिंग्ज आली. एका आरतीत मध्येच दोन-तीन सेकंद नुसती खरखर आहे, मग तिचा आवाज पुन्हा ठेक्यात येतो. हिशेबाच्या फायलींपैकी २०१५ ची एक उघडली नाही. नव्या एसएसडीवर सगळं बसवून दिल्यावर बाबांनी पहिली चौकशी तिचीच केली. मग ते माळ्यावर चढले आणि त्या वर्षीची कागदी वही घेऊन आले. पेट्यांचे आकडे पेन्सिलीने, येणं बाकी लाल पेनाने. दोन जण अजून बाकी आहेत म्हणाले, आणि ती पानं टाइप करायला बसले.