बाह्यांचा इतिहास

इतिहास तलवारीनं घडतो, असं शाळेत शिकवतात. माझ्या मते त्याचा बराचसा भाग शिंप्याच्या कात्रीनं घडलेला आहे. पण शिंप्याला बखर लिहायला सवड कुठली? ‘गुरुवारी नक्की देतो’ यापलीकडे त्याचं वाङ्मय जात नाही.

नवरीच्या पोशाखाचंच घ्या. १० फेब्रुवारी १८४० रोजी इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी लग्नाला उभी राहिली ती पांढऱ्या साटिनच्या झग्यात. आपल्याकडच्या एखाद्या आत्याबाईंनी तो रंग पाहून तिथंच पदर डोळ्यांना लावला असता! पण राणीला मिरवायची होती ती होनिटन लेस. डेव्हनमधल्या बायका ती हातानं विणत, आणि यंत्राच्या लेसपुढं त्यांचा धंदा बसत चालला होता. राणीच्या आवडीमुळं त्यांच्या चुली पेटल्या. पुढं हीच लेस झग्यावरून काढून राणीनं आयुष्यभर या ना त्या कपड्याला लावली. साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, पण बाईंची काटकसर मात्र थेट आमच्या चाळीतली. १८८५ साली धाकट्या लेकीच्या, बिअट्रिसच्या लग्नात तिनं ती लेस लेकीला दिली.

१९४७ साली युवराज्ञी एलिझाबेथचं लग्न ठरलं, तेव्हा युद्ध संपलं होतं, पण कापडाचं रेशनिंग संपलं नव्हतं. राजकन्येच्या झग्यालाही कुपनं! लोकांनी प्रेमानं आपापली कुपनं राजवाड्यावर पाठवली. ती सगळी साभार परत गेली, कारण एकाची कुपनं दुसऱ्यानं वापरणं बेकायदा. नियमात बसत नाही म्हणून कागद परत करण्यातलं समाधान बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

याच एलिझाबेथच्या नातीचं, म्हणजे दुसऱ्या बिअट्रिसचं लग्न १७ जुलै २०२० रोजी विंडसरला झालं. करोनामुळं पाहुणे मोजून वीसेक. (मुलीच्या बापांनो, आकडा पुन्हा वाचा.) नवरीनं नवा झगा न शिवता आजीचाच मागून घेतला. नॉर्मन हार्टनेल यांनी शिवलेला हा झगा आजीनं १९६२ साली ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या सिनेमाच्या पहिल्या खेळाला घातला होता. तो होता बिनबाह्यांचा. नातीसाठी त्याला ऑर्गंझाच्या आखूड बाह्या लावल्या आणि तो तिच्या अंगाबेताचा केला. आजी लग्नाला हजर होती, आणि तिनं हूं की चूं केलं नाही!

आपल्याकडं हे जमेल? पुतणीनं आजीच्या शालूला कात्री लावायची नुसती भाषा काढली, तर घरात सुतक पडतं. ‘अगं, जरीचा आहे तो!’ म्हणून तो पुन्हा ट्रंकेत जातो आणि तिथं डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात घडीघडीवर विरतो. आजीची आठवण जपायची म्हणून आपण ती कसरीला खाऊ घालतो.

जुना शिंपी फार शहाणा. पोरगी पुढं अंगानं भरेल, हे धरून तो शिवणीच्या आत दोन बोटं कापड सोडून ठेवतो. थोरामोठ्यांनी आपल्या मतांतही तेवढं सोडलं, तर नव्या नवरीला जुनं काहीही अंगाला बसेल. फार नाही, दोनच बोटं.