आमच्या गल्लीचा रंगमंच आणि अठ्ठावन्न वर्षं राहिलेली एक पेटी

आज जरा लांबड लावणार आहे. चहा घेऊन बसा.

माझी लेक अमेरिकेत कॅलिफोर्नियात असते. तिच्या गावात एक सार्वजनिक कलाघर आहे. तिथं शनिवार-रविवारी कुणी नाटक करतं, कुणी गाणं, कुणी मुलांना गोष्टी सांगतं. दहा वर्षांची नात तिथं 'हुला' शिकायला जाते. हुला म्हणजे हवाई बेटांवरचं नृत्य. मागच्या महिन्यात तिनं व्हिडिओ पाठवला. आम्ही सिनेमात बघितलेला हुला म्हणजे गवताचा घागरा आणि कमरेचे झोके. हा तसला नव्हता. एक बाई जमिनीवर बसून सुक्या भोपळ्यावर ताल धरत होत्या आणि तोंडानं काहीतरी पठण करत होत्या. पोरी हातांनी ती कथा दाखवत होत्या. लाट, डोंगर, पाऊस, देवी, सगळं हातात.

नात म्हणाली, "आबा, इथं शब्द आधी असतात. डान्स नंतर."

मी म्हटलं, "आमच्याकडंही तसंच होतं की गं."

ती म्हणाली, "कुठं?"

आता या 'कुठं'चं उत्तर फोनवर देता येईना. म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं घर शहापूरचं. आज शहापूर बेळगावातच मुरलंय, पण संस्थानांच्या काळात ते सांगली संस्थानात होतं. बेळगाव इंग्रजांचं, शहापूर पटवर्धनांचं. म्हणजे सीमा आमच्या नशिबाला १९५६ च्या आधीपासूनच चिकटलेली. फक्त तेव्हा ती ओलांडून भाजी आणायला कुणाला काही वाटत नसे.

याच सांगलीत १८४२ च्या सुमारास उत्तर कन्नडमधल्या कर्कीहून भागवतांची मंडळी आली आणि त्यांनी यक्षगान केलं. राजेसाहेब चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असलं काही मराठीत करा. १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' झालं. मराठी रंगभूमीची सुरुवात आपण तिथून मोजतो. म्हणजे आपल्या नाटकाची ठिणगी कानडी मुलखातनं आली. हे शाळेत शिकवतात, पण घाईघाईत शिकवतात.

त्याच १८४३ सालात बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला बळवंत पांडुरंग किर्लोस्कर जन्मले. तेच आपले अण्णासाहेब. ते बेळगावात मास्तर होते. १८६६ मध्ये त्यांनी इथंच 'भारतशास्त्रोत्तेजक मंडळी' काढली. गोविंद बल्लाळ देवल त्यांचे इथले विद्यार्थी. पुढं ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'शाकुंतल' झालं आणि १८८२ मध्ये 'सौभद्र' आलं. मान पुण्याला मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण अण्णासाहेबांच्या पदांमध्ये कानडी चाली आहेत. त्या त्यांनी ग्रंथातनं घेतल्या नव्हत्या. ज्या गावात ते वाढले तिथं बायका जात्यावर आणि देवळात जे गात होत्या ते त्यांच्या कानात होतं. आमची आजी म्हणायची, "सौभद्र ऐकताना मला आमच्या शेजारच्या अक्कांची आठवण येतीय बघ."

परत फेडही झाली. मराठी नाटक कंपन्या धारवाड, हुबळी, गदगपर्यंत मुक्काम करायच्या. त्यांना बघून कानडी कंपन्या उभ्या राहिल्या. बिळगीच्या गोहरबाई कर्नाटकी कानडी रंगभूमीवरून गंधर्व कंपनीत आल्या. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे, भीमसेन गदगचे, मन्सूर धारवाडजवळचे. घरात कानडी बोलणारी ही माणसं, आणि आपली पहाट त्यांच्या आवाजाशिवाय होत नाही.

आता आमच्या गल्लीकडं येतो.

आमचा रंगमंच म्हणजे मारुतीच्या देवळापुढचा कट्टा. गणपतीत त्याला फळ्या जोडायच्या, विणकरांच्या घरातनं जुनी लुगडी आणून पडदे करायचे. पहिल्या दिवशी भजन. मग एक दिवस कीर्तन. मग सोंगी, पोवाडे, कधी निपाणीकडचा शाहीर. शेवटच्या दोन दिवसांत नाटकाचे प्रवेश. पोरंच सुभद्रा, पोरंच रुक्मिणी. शिवजयंतीला हाच सरंजाम बैलगाडीवर आणि नंतर ट्रकवर चढायचा. बेळगावची चित्ररथांची मिरवणूक ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको. रात्रभर गावच्या गाव जागं, गाडीवर अफझलखान, खाली त्याचीच आई डबा घेऊन उभी.

आणि हो, हवाई बेटंही आमच्या गल्लीत आली होती! साठच्या दशकात ऑर्केस्ट्राचं खूळ आलं. कोपऱ्यावरचा एक पोरगा मांडीवर आडवी गिटार ठेवून लोखंडी कांडीनं सूर घसरवत सिनेमाची गाणी वाजवायचा. तिला सगळे 'हवाईन गिटार' म्हणायचे. हवाईचे ताऊ मो नावाचे कलाकार १९४० च्या दशकात कुटुंबासह कलकत्त्यात राहिले, तिथनं हे वाद्य देशभर पसरायला हातभार लागला. मुंबईच्या सिनेमात व्हॅन शिप्ले ते वाजवायचे. आम्हाला 'हवाई' म्हणजे हवेत तरंगणारा आवाज वाटायचा. तो एके काळी देश होता, त्याची भाषा आहे, हे कुठं ठाऊक!

त्या देशाचं काय झालं ते आता वाचलं. १८२० मध्ये तिथं मिशनरी आले. १८३० मध्ये राणी काअहुमानूनं जाहीर हुलावर बंदी घातली. पुढं राजा कालाकौआनं १८८३ च्या आपल्या राज्याभिषेकात हुला उघड करवून घेतला. पण १८९६ मध्ये शाळांतून हवाई भाषाच गेली, इंग्रजी आली. दोन-तीन पिढ्या गप्प बसल्या. घरात कुणीतरी आजी पठण म्हणत राहिली म्हणून १९७० नंतर ते परत उभं राहिलं. हिलो गावात कालाकौआच्या नावानं दरवर्षी हुलाचा उत्सव होतो, १९७१ पासून त्यात स्पर्धा आहेत. १९७८ मध्ये हवाई भाषा राज्यभाषा झाली. नात जे शिकते ते या सगळ्यातनं वाचून आलेलं आहे.

हे वाचताना आधी मला आमचीच बाजू दिसली. १ नोव्हेंबर १९५६. घर तिथंच, राज्य बदललं. माझे वडील दरवर्षी त्या दिवशी काळी पट्टी लावायचे. अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना' लागली की आमच्याकडं कुणी बोलत नसे. त्यात मुंबईला आलेल्या नवऱ्याचा आणि गावी राहिलेल्या बायकोचा विरह आहे, आणि तोच शेवटी बेळगाव-कारवारचा विरह होतो. निपाणीला माझी मावशी तंबाखूच्या वखारीत जायची. "मी जातो, मी येतो" असंच बोलायची, आमच्याकडच्या बायका तसंच बोलतात. १९८० नंतर वखारीतल्या बायका संघटित झाल्या, तेव्हा दीपा धनराज यांच्या 'युगांतर' गटानं १९८२ मध्ये 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला. त्यात त्या बायकांनीच आपलं जगणं करून दाखवलं. मावशी त्यात नव्हती, पण म्हणाली, "आमचं कुणीतरी आम्हालाच बोलायला लावलं, हे बरं झालं."

पण गप्प बसवण्याची एक बाजू आमच्याही घरात आहे. खरं तर तीच सांगायची आहे.

आमच्या गल्लीत एक पेटीमास्तर होते. घरात कानडी. दिवसा माग, संध्याकाळी पेटी. बारा-तेरा वर्षं गणपतीच्या नाटकाला साथ त्यांचीच. मराठी बोलताना निम्मं कानडी, पण पद सांगताना उच्चार स्वच्छ. मला 'सौभद्रा'तली पदं त्यांनीच शिकवली. "शब्द आधी बघ रे तम्मा, सूर त्याच्या मागनं येतंय," असं म्हणायचे. नातीचं वाक्य ऐकून मी दचकलो ते यासाठी.

१९६७ साल. महाजन आयोगाचा अहवाल ऑगस्टमध्ये सरकारकडं गेला होता आणि गणपती सप्टेंबरात. आत काय लिहिलंय हे कुणाला माहीत नव्हतं, पण बेळगाव म्हैसूर राज्यातच राहणार अशी कुजबुज सगळीकडं. पुढं तसंच निघालं. निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्या आणि बेळगाव नको, असं त्यात होतं, आणि झालं त्यातलं काहीच नाही. त्या दिवसांत माणसं भडकलेली होती. कुणावर राग काढायचा? दिल्ली लांब, बेंगळूरही लांब. मास्तर चार घरं सोडून.

मंडळाच्या बैठकीत ठरलं, यंदा साथीला त्यांना नको. ठरवणाऱ्यांत माझे वडील होते. निरोप सांगायला मला धाडलं. चौदा वर्षांचा होतो.

मास्तर मागावर होते. मी दारातनंच म्हटलं, "मास्तर, यंदा नको म्हटलंय."

त्यांनी धोटा थांबवला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, आतनं पेटी आणली. गल्लीला स्वतःची पेटी नव्हतीच, इतकी वर्षं त्यांचीच वापरायचो. ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घेऊन जा की. पेटीशिवाय सुभद्रा काय गाणार? वरच्या सप्तकातली एक पट्टी चिकटतीय. हळू दाबायला सांग."

नाटक झालं. पेटीला वडगावचा कुणी पोरगा बसला होता. पट्टी चिकटली. मी सुभद्रा होतो, माझा सूर सुटला, लोक हसले. मास्तर आले नव्हते.

पेटी परत द्यायची राहिली. आधी वडील म्हणाले, चार दिवस जाऊदे. मग जायला तोंड होईना. मास्तरांनी कधी मागितली नाही. रस्त्यात भेटले की "अभ्यास चाललाय न्हवं?" एवढंच. मी नोकरीला पुण्याला गेलो, ते गेल्याचं पत्रानं कळलं. पेटी माळ्यावर. वडील गेल्यावरही तिथंच.

गंगूबाई हनगल यांची एक आठवण प्रसिद्ध आहे. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसला, गांधीजी अध्यक्ष असताना, त्यांनी लहान वयात स्वागतगीत गायलं. पण मनात धाकधूक ही, की जातीमुळं जेवणानंतर आपल्याला जागा साफ करायला तर सांगणार नाहीत ना. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या काळाला नावं ठेवली. माळ्यावरच्या पेटीची आठवण तेव्हा झाली नाही. आता झाली.

मागच्या रविवारी पेटी खाली काढली. भाता उंदरांनी खाल्लेला. दुरुस्त करून नेऊ म्हटलं, मग वाटलं, आणखी एक निमित्त नको. तशीच घेऊन गेलो. मास्तरांचे थोरले चिरंजीव आता माझ्याएवढेच म्हातारे. दार उघडून "बर्री, कुंद्री" म्हणाले. मी सगळं सांगितलं, वडिलांचंही. त्यांना माहीत होतं. म्हणाले, "अप्पा सांगायचे, पेटी चांगल्या घरात हाय." मला पुढं बोलता आलं नाही. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, मीही मागून घेतलं नाही. त्यांनी झाकण उघडून ती पट्टी दाबली. अजून चिकटतेय.

सीमेबद्दलचं माझं मत यामुळं बदललेलं नाही, हेही स्पष्ट सांगतो. माझ्या भाषेत कागद मिळावा, पाटी दिसावी, पोरांना शाळा मिळावी, हा हक्क आहे आणि तो मी मागत राहणार. पण मास्तरांनी आमच्याकडनं तो घेतला नव्हता. त्यांनी आम्हाला आमचीच पदं शिकवली होती.

रात्री नातीला फोनवर हे सांगितलं. तिनं विचारलं, "आबा, तू नाही जात म्हणून का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, घाबरलो होतो. ती म्हणाली, "ओके." मग तिच्या बाईंकडचा भोपळा दाखवला. मी तिला सांगितलं, आपल्या मिरजेत असल्याच भोपळ्याचे तंबोरे करतात. दिवाळीत आली की दाखवणार आहे.

यंदा गणपतीत कट्ट्यावर मास्तरांच्या नावानं एक संध्याकाळ करावी, निम्मी पदं मराठी आणि निम्मी कानडी, असं मी मंडळात मांडलंय. तरुण पोरं हो म्हणतात, आमच्या वयाचे दोघे-तिघे नाही म्हणतात. बघू. पेटीचा भाता मात्र दुरुस्तीला दिलाय. मास्तरांच्या चिरंजीवांनी निम्मे पैसे स्वतः दिले, ऐकलं नाहीत.

तुमच्या गल्लीत साथीला कोण बसायचं? नाव आठवत असेल तर घरातल्या पोरांना सांगा. आणि कुणाचं काही माळ्यावर असेल, तर तेही खाली काढा.