बाबुळी : काचेतल्या समुद्राचा हिरवा इतिहास

ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायेचे स्वरूप सांगताना ज्ञानदेवांनी पाण्यावरच्या बाबुळीचा दृष्टान्त योजिला आहे. बाबुळी म्हणजे शेवाळ. ही बाबुळी बाहेरून कोणी आणून टाकलेली नसते; ती पाण्यातच होते आणि ज्या पाण्यात झाली त्यालाच झाकून टाकते, हे त्या दृष्टान्ताचे मर्म. वर्गात या ओवीपाशी आपण मायावादाची चर्चा करतो आणि पुढे सरकतो. बाबुळी हा शब्द आता कोशापुरता उरला आहे आणि दृष्टान्तातले प्रत्यक्ष पाणी आपल्या चर्चेतून केव्हाच निथळून गेले आहे. येथे आम्हांला त्या पाण्याविषयीच लिहायचे आहे. तेही खाऱ्या, काचेच्या पेटीत कोंडलेल्या पाण्याविषयी.

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले वेळापूर हे त्यासाठी सोयीचे ठिकाण आहे. साहित्याच्या अभ्यासकांना हे गाव अर्धनारी नटेश्वराच्या मंदिरासाठी आणि तेथील यादवकालीन मराठी शिलालेखांसाठी माहीत असते. ज्या रामचंद्रदेवाचा उल्लेख ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येतो, त्याच्याच राजवटीतले हे लेख. आषाढी वारीत ज्ञानदेवांच्या पालखीचा मुक्काम येथे असतो. आणि समुद्र? तो सह्याद्रीपलीकडे, सरळ रेषेतही दीडशे किलोमीटरहून दूर. पण समुद्री मीठ आता पुड्यांत मिळते, रंगीत मासे पिशवीत मिळतात, आणि अशा गावीही एखाद्या हौशी माणसाला दिवाणखान्यात समुद्र मांडता येतो. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळवले, की खारे पाणी तयार होते. समुद्र मात्र तयार होत नाही. त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळातच बाबुळी येते.

तिचा येण्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. पहिले काही दिवस पाणी स्फटिकासारखे असते. मग वाळूवर तपकिरी धूळ बसल्यासारखी दिसते. ही धूळ नव्हे. वाळूतून आणि नळाच्या पाण्यातून आलेल्या सिलिकावर पोसलेली ही सूक्ष्म शैवले आहेत. परिभाषेत त्यांना करंडक वनस्पती म्हणतात. परिभाषा घडवणाऱ्यांच्या नावाने आपण एरवी बोटे मोडतो, पण हा शब्द सुंदर आहे : या पेशीचे कवच खरोखरच झाकण बसवलेल्या करंड्यासारखे दोन भागांचे असते. सिलिका संपत आली की तपकिरी रंग ओसरतो, आणि दगडांवर हिरवे केस उगवतात. त्यामागोमाग कित्येकदा तांबडी-जांभळी, बुळबुळीत साय वाळूवर पसरते आणि तिच्यात हवेचे बुडबुडे अडकून राहतात. येथे पेटीच्या मालकाचा धीर सुटतो. तो सारे पाणी उपसून टाकतो, दगड नळाखाली खसाखसा घासतो, वाळू धुऊन काढतो. पुन्हा पाणी भरतो. काही दिवसांनी पुन्हा तेच.

ही निराशा नवी नाही. मत्स्यालयाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या हिरव्या रंगाशी झालेल्या झटापटीचाच इतिहास आहे. १८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात प्राणवायू मिसळावा म्हणून त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. पुढल्या वर्षी थिनबाईंनी पाण्यात समुद्री शैवल ठेवले आणि ते काम वनस्पतीवर सोपवले. त्या मोलकरणीचे नाव बहुतेक ग्रंथांत येत नाही. पण काचपेटीतल्या समुद्राचा पहिला पंप तीच होती, असे आम्हांला वाटते.

पुढचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाचे. १८४९च्या सुमारास त्याने गोड्या पाण्यात सोनमासे आणि एक पाणवनस्पती ठेवून पाहिली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कर्बवायू देतील, आणि सृष्टीचे हे देणेघेणे काचेत चालू राहील, असा त्याचा कयास. परंतु वनस्पतीची पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टनने पाणी फेकून दिले नाही. त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने आणि हिरवळ खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि पाणी निवळले. दोन पात्रांचे नाटक तिसऱ्या पात्रावाचून उभे राहत नाही, ही गोष्ट त्याने १८५०च्या निबंधात मांडली. आजही नव्या खाऱ्या पेटीत शंखवर्गीय प्राणी सोडतात ते याच न्यायाने.

नंतर हौसेची लाट आली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचे याच विषयावरचे पुस्तक निघाले आणि किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी कृत्रिम समुद्रपाण्याची कृतीही त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केली. वेळापुरातल्या पुडीतल्या समुद्राचा वंशवृक्ष येथवर मागे जातो. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना हे गॉस वेगळ्या नात्याने परिचित असतील : एडमंड गॉस यांच्या १९०७च्या ‘फादर अँड सन’मधले वडील ते हेच. वडिलांची पुस्तके वाचून हौशी लोकांनी किनाऱ्यावरची खडकांतली कुंडे ओरबाडून नेली, ही खंत मुलाने त्या पुस्तकात नोंदवली आहे. ओरबाडून नेलेल्यांतले पुष्कळसे जीव घरोघरच्या पेट्यांत हिरव्या, कुबट पाण्यात मेले असतील, हे सांगायला पुराव्याची गरज नाही.

विल्यम आल्फर्ड लॉइड याने ही अडचण व्यवहारी बुद्धीने हाताळली. १८६४ साली हॅम्बुर्गला आणि १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने दिसणाऱ्या टाक्यांखाली मोठे अंधारे हौद बांधले आणि पाणी सतत वर-खाली फिरते ठेवले. प्रकाश नाही तेथे शैवल नाही, हे साधे तत्त्व. त्या अंधारात नेमके आणखी काय घडत होते, हे मात्र त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते.

ते कळायला एक पिढी जावी लागली, आणि येथे इतिहासाने एक गंमत केली आहे. वॉरिंग्टनच्या मुलाचे नावही रॉबर्टच. तो रॉथमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात जमिनीतल्या नायट्रेटचा अभ्यास करू लागला. अमोनियाचे नायट्रेट होते ते निव्वळ रासायनिक क्रियेने नव्हे, तर सजीवांकडून, हे १८७७ साली श्लोझिंग आणि म्युन्ट्झ या फ्रेंच संशोधकांनी दाखवले होते. धाकट्या वॉरिंग्टनने त्याला दुजोरा दिला आणि हे काम दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या जीवांकडून होते, असे सिद्ध केले : आधी अमोनियाचे नायट्राइट, मग नायट्राइटचे नायट्रेट. ते जीव मात्र त्याला वेगळे काढता आले नाहीत. त्या काळी जीवाणू जिलेटिनवर वाढवीत. हे जीव सेंद्रिय अन्नावर जगतच नसल्यामुळे तेथे उगवेनात. १८९०च्या सुमारास विनोग्राड्स्कीने झुरिकला सेंद्रिय अन्न वगळून ते वाढवले आणि कोडे सुटले. बापाने काचेच्या भांड्यात जो समतोल दृष्टीने पाहिला, त्यातला अदृश्य अर्धा भाग मुलाने शेतातल्या मातीत शोधला. दोघांना जोडणारी ही रेषा मत्स्यालयाच्या हौशी पुस्तकांत क्वचितच काढलेली दिसते.

नव्या पेटीतला सारा घोळ या अर्ध्या भागाचा आहे. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांतून अमोनिया होतो. तो माशांना विषारी. त्याचे रूपांतर करणारे जीव दगडांवर, वाळूच्या कणांवर पातळ थर करून राहतात आणि फार सावकाश वाढतात. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे सहज लागतात. तोवर मोकळे पृष्ठभाग, भरपूर उजेड आणि विरघळलेले खत यांचा लाभ शैवल घेते. घाबरून दगड नळाखाली घासणारा माणूस क्लोरीनच्या पाण्याने नेमकी हीच वस्ती मारतो आणि पेटीचे वय पुन्हा शून्यावर आणतो. हिरवे दिसते म्हणून ते दोषी, न दिसणारे म्हणून ते अस्तित्वातच नाही, असा हा न्याय आहे. त्यापेक्षा दिवे सहा-सात तासांवर आणावेत, माशांना चिमूटभरच खाऊ घालावे, आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलावे, आणि वाट पाहावी. वेळापुरात आणखी एक पथ्य हवे. हा नीरेच्या कालव्यावरचा उसाचा मुलूख. शेतात घातलेले खत विहिरीच्या पाण्यात उतरू शकते. ते पाणी न गाळता मीठ कालवण्यासाठी वापरले, तर मालक स्वतःच्या हाताने बाबुळीला खत घालत असतो.

तांबड्या सायीची कथा निराळी, आणि ती भाषेची कथा आहे. तिला दीर्घकाळ नील-हरित शैवल म्हटले गेले. वस्तुतः ती शैवल नाहीच. तिच्या पेशीत केंद्रक नसते. ती जीवाणूंच्या कुळातली. एकोणिसाव्या शतकात फर्डिनांड कोन यांना हे जाणवले होते, परंतु सायनोबॅक्टेरिया हे नाव रॉजर स्टॅनियर यांच्या आग्रहाने १९७०च्या दशकात रुळले. नाव चुकले की उपायही चुकतो. शैवल समजून गोगलगायी सोडाव्यात, तर त्या तिला सहसा तोंड लावत नाहीत. जीवाणू आहे म्हणून एरिथ्रोमायसिन घालावे, तर ती जाते खरी, पण अमोनिया पचवणाऱ्या जीवाणूंनाही त्याची झळ लागू शकते, आणि मेलेली साय कुजून नवे खत होते. तिला अडगळ म्हणावे, तर सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठू लागला तो तिच्याच पूर्वजांमुळे. कोपऱ्यात साचलेले पाणी हलते केले आणि साय नळीने अलगद ओढून घेतली, तर ती हळूहळू मागे हटते.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी काचेतला समुद्र प्रथम तेथे पाहिला. २०२० साली करोनाच्या साथीत ते बंद झाले. तेथे समुद्र रस्त्यापलीकडेच होता. किनाऱ्यापासून तुटलेल्या पेटीला उपयोगी पडणारी सूचना आली ती जाकार्ताहून. ली चिन एंग यांनी १९६१ साली सांगितले, की समुद्रातले जिवंत दगडच पेटीत ठेवावेत, कारण दगडांबरोबर त्यांच्यावरची वस्तीही येते. आणि २००५ साली सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातल्या एका उष्ण कटिबंधीय टाकीच्या खडीतून संशोधकांनी अमोनिया पचवणारा असा जीव वेगळा काढला, जो जीवाणूही नव्हता. तो आर्किया या तिसऱ्याच शाखेतला निघाला. असे जीव महासागरात अमाप आहेत, हे नंतर स्पष्ट झाले. समुद्राविषयीची एवढी मोठी गोष्ट पेटीच्या तळाशी सापडली.

वेळापुरापासून उजनी धरण दूर नाही. भीमेवरचे हे धरण १९८०च्या सुमारास पुरे झाले. वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांचे सांडपाणी मुळा-मुठा आणि पवनेतून भीमेत उतरते, आणि उजनीच्या पाण्यावर हिरवा तवंग दिसल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहतात. पेटीतले तेच रसायन येथे जलाशयाएवढे झालेले असते; फक्त खाऊ घालणारा हात दीडशे किलोमीटर वर असतो आणि त्याला काच दिसत नाही. ज्ञानदेवांची पालखी वेळापूरचा मुक्काम आटोपून भंडीशेगाव, वाखरीमार्गे पंढरपूरला पोचते. आषाढीला चंद्रभागेत स्नानापुरते पाणी नसले, की ते उजनीतूनच सोडतात.