गृहतापन बॉयलरचे दूरनियंत्रण

घराबाहेर असताना मोबाइल फोनवरून तापन बॉयलर चालू-बंद करण्याची आणि खोलीचे तापमान पाहण्याची व ठरवण्याची व्यवस्था. ब्रिटनमध्ये बहुतेक घरांत गॅसच्या बॉयलरने तापवलेले पाणी खोल्यांतील रेडिएटरमधून फिरवतात. त्यामुळे ही सोय तेथे विशेष रुळली आहे.

इतिहास : अमेरिकेतील विस्कॉन्सिनचे वॉरेन जॉन्सन यांनी 1883 मध्ये विद्युत थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले. खोलीतील तापमानाची वर्दी तळघरातील भट्टीवाल्याला द्यायची आणि झडप त्याने हलवायची, अशी ती योजना होती. पुढे हे काम यंत्रांकडे आले. नेस्ट कंपनीचा इंटरनेटशी जोडलेला थर्मोस्टॅट 2011 मध्ये अमेरिकेत आला, तर ब्रिटिश गॅस कंपनीने 2013 मध्ये ‘हाइव्ह’ हा तसाच थर्मोस्टॅट बाजारात आणला.

कार्यपद्धती : फोनवरचा हुकूम कंपनीच्या सर्व्हरमार्फत घरच्या राउटरवर आणि तेथून बॉयलरजवळच्या रिसीव्हरकडे पोहोचतो. रिसीव्हरमधला रिले (विद्युत स्विच) जुळला की बॉयलरला उष्णतेची मागणी कळते. गॅस सोडणे, ज्योत पेटली की नाही हे तपासणे आणि बिघाड दिसल्यास गॅस तोडणे ही कामे बॉयलर स्वतःच करतो. त्यांत फोनला हात घालता येत नाही. ‘ओपनथर्म’सारख्या पद्धतीत नुसते चालू-बंद न करता पाणी किती तापवायचे हेही कळवता येते.

उपयोग : रिकाम्या घरात खरा धोका पाणी गोठण्याचा असतो. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे 9 टक्के वाढते, नळ्या फुटतात आणि बर्फ वितळल्यावर घरात पाणी भरते. म्हणून हिवाळ्यात घर रिकामे ठेवताना तापन पूर्ण बंद न करता किमान तापमान राखतात; अनेक विमा करारांत तशी अटही असते. नाताळच्या सुट्टीत भारतात येणाऱ्या लंडनच्या मराठी कुटुंबांना पुण्यात बसून खोलीचे तापमान पाहता येते. परतताना हीथ्रो विमानतळावर उतरल्यावर 12 अंश सेल्सिअसचे 19 अंश केले, की घरी पोहोचेपर्यंत खोल्या तापू लागलेल्या असतात.

मर्यादा : संघनन बॉयलरमधून निथळणारे पाणी वाहून नेणारी नळी भिंतीबाहेर असेल, तर कडाक्याच्या थंडीत ती गोठते आणि बॉयलर बंद पडतो. फोनवर तापमान घसरताना दिसते. पण नळीवर कोमट पाणी ओतून ती मोकळी करायला आणि रीसेटचे बटण दाबायला माणूसच लागतो. बॉयलर व रेडिएटर यांच्या बंद वर्तुळातील पाण्याचा दाब थंड अवस्थेत साधारण 1 ते 1.5 बार असावा. तो फार उतरल्यासही बॉयलर थांबतो. वीज गेली, तर बॉयलर आणि राउटर दोन्ही बंद पडतात.

जानेवारी 2016 मध्ये सॉफ्टवेअरमधील दोषामुळे नेस्टच्या काही थर्मोस्टॅटची बॅटरी उतरली व घरे गार पडली. जुन्या उपकरणांना कंपनीचा आधारही कायम मिळत नाही : नेस्टच्या सुरुवातीच्या थर्मोस्टॅटची फोनजोडणी ऑक्टोबर 2025 मध्ये थांबवण्यात आली, भिंतीवरून मात्र ते चालवता येतात. परक्याने शिरकाव करण्याचा धोकाही असतो; म्हणून इंटरनेटला जोडलेल्या घरगुती उपकरणांना सरसकट एकच सोपा पासवर्ड देण्यास ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 पासून कायद्याने मनाई आहे.

दक्षता : इंटरनेट तुटले तरी किमान तापमान राखणारी नोंद थर्मोस्टॅटमध्येच करून ठेवावी, घर सोडण्यापूर्वी दाब तपासावा आणि पाण्याचा मुख्य नळ कोठे आहे हे ठाऊक असलेल्या शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी. फोन फार तर बिघाडाची खबर देतो. घर वाचते ते ही तयारी आधी केलेली असेल तरच.