मतदानाची रांग, टेबलाच्या अलीकडून

मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येतो, रांगेचा फोटो काढतो आणि दुसऱ्या दिवशी तो लोकांचा उत्साह म्हणून छापून येतो. उत्साह असतोच. पण नाशिक जिल्ह्यात शिक्षिका असताना मी निवडणुकीच्या ड्यूट्या केल्या, आधी मतदान अधिकारी म्हणून, शेवटी शेवटी केंद्राध्यक्ष म्हणून. टेबलाच्या अलीकडे बसल्यावर कळतं, की रांगेची लांबी बाहेरच्या गर्दीवर जितकी, तितकीच आतल्या कामाच्या पद्धतीवर ठरते. आणि ही पद्धत १९५२ पासून पुष्कळ बदलत आली आहे.

त्याआधी रांगेत उभं राहायलाच परवानगी लागायची म्हटलं तरी चालेल. १९३५ च्या कायद्यातही मत होतं ते मालमत्ता, सारा, शिक्षण अशा अटी पुऱ्या करणाऱ्यांना. मुंबई प्रांतात बायकांना १९२१ मध्ये मताचा हक्क मिळाला, तोही याच अटींवर. निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या बाईचा त्यात पत्ताच नव्हता. प्रौढ मताधिकाराची मागणी डॉ. आंबेडकरांनी गोलमेज परिषदेत लावून धरली होती. ती प्रत्यक्षात आली पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ च्या हिवाळ्यात. मतदार सतरा कोटींहून अधिक, आणि बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्यावर काढलेला तोडगा आजच्या मुलांना सांगितला तर त्यांना खरा वाटत नाही.

मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव नव्हतं, चिन्हही नव्हतं. रुपयाच्या नोटेएवढा कागद, आमच्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला. आडोशामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, पेटीवर चिन्ह: बैलजोडी, झाड, हत्ती. मतदाराने आत जायचं आणि आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा. या पेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक पेट्या गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या. लोकसभा आणि विधानसभेचं मतदान एकाच वेळी होतं, म्हणजे कागद दोन आणि पेट्यांच्या ओळीही दोन. आडोशामागे एका वेळी एकच माणूस. पेटीला हात जोडणारेही होते. मतमोजणीला काही पेट्यांतून नाणी निघाली, पत्रं निघाली. आयुष्यात पहिल्यांदा असा एकटा निर्णय घेणाऱ्या माणसाला आत वेळ लागणारच. तेवढा वेळ बाहेरची रांग थांबून राहायची.

या रांगेत पुढे कोण आणि मागे कोण, हे आधी कोण आलं यावर ठरायचं. पाणवठ्यावर, देवळात, पंगतीत जिथे जातीने जागा ठरलेल्या होत्या, त्याच गावात सरकारने ही रांग लावली. सगळीकडे ती सरळ लागली असेल असं मी म्हणणार नाही, पण नियम लेखी होता आणि दाराशी पोलीस होता. मला हे त्या निवडणुकीतलं सर्वांत मोठं काम वाटतं.

त्याच वेळी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढीच ओळख त्यांनी नोंदवली होती, आणि स्वतःचं नाव असल्याशिवाय नोंद धरायची नाही, असं सेन यांनी ठरवलं. यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारताकडच्या. निर्णय कठोर होता, पण बरोबर होता, असं मी यादीवर बोट ठेवून बसलेली बाई म्हणून सांगते. आपल्याकडे अडचण निराळीच यायची. म्हातारी स्वतःचं नाव खणखणीत सांगायची, पण “मालकांचं नाव?” विचारलं की पदर तोंडाला. मग मागची बाई पुढे होऊन सांगायची, “सखाराम, बाई, सखाराम लिव्हा.” म्हातारी मान डोलवायची, पोलिंग एजंट हरकत घ्यायचे नाहीत आणि मी नावाखाली रेघ मारायची. बायकांची रांग संथ चालते अशी तक्रार पुरुषांच्या रांगेतून नेहमी ऐकू यायची. धुणीभांडी, स्वयंपाक, जनावरांचं पाणी उरकून त्या सगळ्याजणी एकाच वेळी येतात, हे त्या तक्रारीत कधीच नसायचं.

पेट्यांच्या पद्धतीत एक मोठं भोक होतं. कागद पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर नेता यायचा आणि तो विकत घेणाराही भेटायचा. म्हणून १९६२ च्या निवडणुकीत बहुतेक ठिकाणी नावं-चिन्हं छापलेली मतपत्रिका आणि फुलीचा रबरी शिक्का आला. शिक्का मारायचा, आधी उभी घडी, मग आडवी, म्हणजे शाई दुसऱ्या चिन्हावर उमटत नाही. ही घडी आम्ही दिवसभर हातवारे करून शिकवायचो. १९९९ मध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा एकदम आल्या. दोन मतपत्रिका, दोनदा घडी, आणि दुपारी रांग फाटकाबाहेर. उमेदवार वाढले की मतपत्रिकाही वाढते. १९९६ मध्ये बेळगावात लोकसभेला ४५६ उमेदवार होते, सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी. तिथल्या कर्मचाऱ्यांनी तो दिवस कसा काढला असेल!

यंत्राचा पहिला प्रयोग १९८२ मध्ये केरळातल्या परवूरला झाला आणि २००४ च्या लोकसभेला देशभर यंत्रं आली. घडी गेली, रांग पळायला लागली. मग मत कुणाला गेलं ते चिठ्ठीवर छापून दाखवणारं व्हीव्हीपॅट आलं. त्यातली चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती दिसावी, हे मला मनापासून मान्य आहे. पण हिशेब करून बघा: केंद्रावर १,२०० मतदार, ६५ टक्के मतदान, म्हणजे ७८० जण. सकाळी सात ते संध्याकाळी सहा ही ६६० मिनिटं. एका माणसाला पुरतं मिनिटही येत नाही, आणि त्यात ही सात-सात सेकंदं मिळूनच दीड तास होतो. म्हणून केंद्रावरची मतदारांची मर्यादा १,५०० वरून १,२०० वर आणली, ते फार चांगलं झालं.

वेळ संपते तेव्हा एक नियम लागतो आणि तो मला फार प्रिय आहे. वेळ संपण्याआधी जो रांगेत उभा आहे, त्याला मत देता आलंच पाहिजे, मग रात्रीचे आठ वाजोत. त्यासाठी केंद्राध्यक्षाने स्वतःच्या सहीच्या, क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या वाटायच्या, आणि त्या शेवटच्या माणसापासून सुरू करून दाराकडे यायचं. पुढून वाटत गेलं तर मागे माणसं येऊन जोडली जातात. मागून सुरुवात केली की रांग तिथेच बंद. एक नंबरची चिठ्ठी सगळ्यांत मागे असलेल्या माणसाच्या हातात, आणि त्याच्यामागे पोलीस.

एकदा चिठ्ठ्या वाटून झाल्यावर एक तरुण कारखान्याची पाळी संपवून धावत आला. त्याने बसची गोष्ट सांगितली, घाम पुसला, हात जोडले. मी नाही म्हटलं. एक नंबरची चिठ्ठी ज्यांच्याकडे होती त्या आजींनी आपली चिठ्ठी त्याच्यापुढे धरली, “घे रं लेकरा.” ती देता येत नाही, हे मला दोघांनाही समजावून सांगावं लागलं. आजींचं मत सात वाजून गेल्यावर झालं. तो पोरगा त्यानंतरही पोलिसाशी हुज्जत घालत फाटकापाशीच होता, आणि मी आत यंत्र बंद करून नोंदवहीतला आकडा एजंटांना वाचून दाखवत होते.