पाच गोल कुणाचे?

२७ नोव्हेंबर २०२१ चा शनिवार. वास्कोचे टिळक मैदान. कोरोनामुळे त्या वर्षीही आयएसएलचा सगळा हंगाम गोव्यातच खेळवला जात होता आणि प्रेक्षकांना आत प्रवेश नव्हता. म्हणजे एटीके मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल हा कोलकात्याचा मानाचा सामना आमच्या दारात आला आणि आम्हांला तो घरच्या टीव्हीवर पाहावा लागला. पहिल्या तेवीस मिनिटांतच बागानने तीन गोल केले. तिसरा गोल लिस्टन कोलासोचा, म्हणजे आपल्या गोव्याच्या मुलाचा. ईस्ट बंगालचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य याच्या चुकीचा फायदा घेऊन त्याने तो मारला. थोड्याच वेळात अरिंदम बाहेर गेला आणि त्याच्या जागी दुसरा गोलरक्षक आला. सामना ३-० असा संपला.

दुसऱ्या दिवशी रविवारी आमच्या मंडळाची बैठक होती. विषय हिशेबाचा होता, पण पहिला अर्धा तास गोलरक्षकातच गेला. आपल्या मुलाने गोल मारला म्हणून आम्ही खूश होतो, आणि खुशीत माणूस जरा जास्तच न्यायाधीश होतो. "त्याला पुढे यायची गरजच काय होती?" इथपासून "संपली त्याची कारकीर्द!" इथपर्यंत निकाल देऊन झाले. आमच्यातले एक काका तरुणपणी नोकरीनिमित्त काही वर्षे कोलकात्यात होते. ते इतका वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "पंचाहत्तर सालीसुद्धा लोक हेच बोलत होते. तो गोलकीपर पुढे भारताचा कप्तान झाला, हे माहीत आहे का कुणाला?"

ते आमच्यातल्या बहुतेकांना माहीत नव्हते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही त्या पंचाहत्तर सालाची हकिकत लिहायला घेतली. पण ती नीट कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मोहन बागान क्लबची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ ची. २९ जुलै १९११ रोजी या क्लबने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव केला. अकरांपैकी एकट्या सुधीर चॅटर्जींच्या पायांत बूट होते, बाकीचे दहा जण अनवाणी खेळले. आयएफए शील्ड जिंकणारा हा पहिला हिंदी संघ. त्या दिवसापासून मोहन बागान हा साऱ्या देशाचा मानबिंदू झाला.

ईस्ट बंगालचा जन्म मात्र एका भांडणातून झाला, आणि तेही एका खेळाडूवरूनच. २८ जुलै १९२० रोजी कूचबिहार चषकात जोडाबागान आणि मोहन बागान यांचा सामना होता. जोडाबागानने आपला बचावपटू शैलेश बोस याला संघातून वगळले. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्याला खेळवण्याचा आग्रह धरला, पण कोणी ऐकले नाही. वगळण्याचे कारणही कोणी सांगेना. तो मुलगा पूर्व बंगालचा, म्हणूनच त्याला डावलले, अशी समजूत झाली. चौधुरींनी राजीनामा दिला आणि चार दिवसांत, १ ऑगस्ट १९२० रोजी, सहकाऱ्यांबरोबर नवा क्लब काढला. आपल्या मुलखाचेच नाव त्याला दिले. लीगमध्ये हे दोन संघ २८ मे १९२५ रोजी प्रथम समोरासमोर आले आणि नव्या क्लबने तो सामना १-० असा जिंकला.

फाळणी झाली आणि या नावाला वेगळाच अर्थ आला. पूर्व बंगालमधून लाखो माणसे घरदार सोडून कोलकात्यात आली. ज्या मुलखाचे नाव क्लबने घेतले होते तो आता परदेश झाला होता. रेल्वे स्टेशनाच्या फलाटावर आणि निर्वासितांच्या वसाहतींत राहणाऱ्या त्या माणसांना अभिमानाने सांगण्यासारखे जे थोडे उरले होते त्यांत हा क्लब होता. मूळच्या पश्चिम बंगाली लोकांना 'घोटी' म्हणतात आणि पूर्वेकडून आलेल्यांना 'बांगाल'. घोटींचा मोहन बागान, बांगालांचा ईस्ट बंगाल. बागान जिंकला की घोटींच्या घरी कोळंबी शिजते, ईस्ट बंगाल जिंकला की बाजारात हिलसा मासा महाग होतो.

आमचे पणजोबा-आजोबा कोणी नोकरीसाठी, कोणी व्यापारासाठी, कोणी देवस्थानाच्या चाकरीसाठी घाट उतरून इथे आले. आम्हांला कोणी हाकलून दिलेले नव्हते, त्यामुळे त्या दुःखाशी आम्ही आपली बरोबरी करणार नाही. पण मूळ गाव सुटल्यावर एखादी संस्था घरासारखी कशी होते, तिचा मान तो आपला मान आणि तिचा अपमान तो आपला अपमान कसा वाटू लागतो, हे आमच्यासारख्या मंडळात वाढलेल्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता पंचाहत्तर साल. पी. के. बॅनर्जी तेव्हा ईस्ट बंगालचे प्रशिक्षक होते. हे १९६० च्या रोम ऑलिंपिकमधले भारताचे कर्णधार. १९७० पासून ईस्ट बंगालने कलकत्ता लीग सलग जिंकली होती आणि १९७५ मध्ये सहाव्यांदा जिंकून मोहम्मेडन स्पोर्टिंगचा सलग पाच विजेतेपदांचा जुना विक्रम मागे टाकला होता. बागानच्या चाहत्यांनी सहा वर्षे मान खाली घालून काढली होती. शील्डच्या अंतिम सामन्यात सगळे फेडून घेऊ, या आशेवर ते होते.

३० सप्टेंबर १९७५. दुर्गापूजा तोंडावर आलेली. सामना सुरू होऊन काही मिनिटे होतात न होतात तोच सुरजित सेनगुप्ताने पहिला गोल केला. ईस्ट बंगालला पेनल्टी मिळाली ती श्याम थापाने घालवली, पण त्याने पुढे दोन गोल करून ती भरून काढली. रणजित मुखर्जीने एक केला. मध्यंतराच्या आधीच तीन गोल झाले होते. चौथ्या गोलानंतर बागानने आपला गोलरक्षक बदलला. पाचवा गोल शुभंकर सान्यालचा. निकाल ५-०. या दोन संघांमधल्या स्पर्धेच्या सामन्यांत एवढा एकतर्फी निकाल आजवर दुसरा नाही.

चार गोल खाऊन बाहेर आलेला गोलरक्षक भास्कर गांगुली. वय विशीच्या आतले.

त्या रात्री कोलकात्यात दोन शहरे होती. एकीकडे फटाके आणि हिलसा, दुसरीकडे अंधार. बागानचे संतापलेले चाहते क्लबच्या तंबूभोवती जमले. काही खेळाडूंना घरी जाण्याची सोय राहिली नाही आणि त्यांनी ती रात्र गंगेत होडीवर काढली, असे सांगतात. हरल्यानंतरची चर्चा सगळीकडे असते तशीच तिथेही होती. कोणी बचावफळीला दोष दिला, कोणी संघ निवडणाऱ्यांना, कोणी मधल्या फळीला. पण सगळ्यांची बोटे फिरून फिरून त्या पोरगेल्या गोलरक्षकाकडे वळत. गोलरक्षकाचे दुर्दैव असे की पुढच्या फळीतल्याने दहा संधी घालवल्या तरी त्या संध्याकाळपर्यंत विसरल्या जातात, आणि याची एक चूक फळ्यावर आकडा होऊन राहते.

या हकिकतीत एक गोष्ट सांगायला नको वाटते, पण ती गाळून पुढे जाणे बरोबर नाही. बागानच्या एका तरुण चाहत्याला तो पराभव सहन झाला नाही आणि त्याने आपले आयुष्य संपवले. पुढच्या जन्मी बागानचा चांगला खेळाडू होऊन या पराभवाची परतफेड करीन, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले होते. त्याच्या घरी त्या वर्षीची पूजा कशी गेली असेल याचा विचार मनात आला की पाच गोलांची मौज तोंडातच कडू होते.

आणि ज्या पराभवासाठी हे सगळे झाले, त्यातल्या माणसांचे पुढे काय झाले?

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, पी. के. बॅनर्जी ईस्ट बंगाल सोडून मोहन बागानचे प्रशिक्षक झाले. ज्यांच्या डावपेचांनी बागानची लाज गेली होती तेच आता बागानचे गुरू. त्यांच्या हाताखाली १९७७ मध्ये बागानने शील्ड, ड्युरँड आणि मुंबईचा रोव्हर्स चषक अशा तिन्ही स्पर्धा एका वर्षात जिंकल्या. पेनल्टी घालवूनही दोन गोल करणारा, ईस्ट बंगालच्या चाहत्यांनी डोक्यावर घेतलेला श्याम थापा १९७७ मध्ये बागानमध्ये आला. त्याच वर्षी पेले ज्या कॉसमॉस संघातून कोलकात्यात खेळायला आले त्या संघाविरुद्ध २-२ अशा बरोबरीत त्याने बागानसाठी गोल केला. १९७८ च्या लीगमध्ये तर पाठ जमिनीकडे करून, हवेत झेपावून त्याने ईस्ट बंगालवरच जो गोल मारला तो आजही बागानवाले सांगत असतात. आणि भास्कर गांगुली? तो गेला ईस्ट बंगालमध्ये. तिथे वर्षानुवर्षे गोल राखला, भारतीय संघात आला आणि १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये भारताचा कर्णधार होता.

म्हणजे त्या रात्रीचा एकही निकाल सात वर्षे टिकला नाही. नायक पलीकडे गेले आणि ज्याची कारकीर्द संपली असे लोकांनी ठरवले होते तो देशाचा कप्तान झाला. तंबूभोवती ओरडणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी पुढे त्याच बॅनर्जींच्या आणि त्याच थापाच्या नावाने घोषणा दिल्या असतील.

लोक यातून शहाणे झाले का? १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात मैदानावर दोन खेळाडूंची जुंपली, तिचे लोण प्रेक्षकांत गेले आणि चेंगराचेंगरीत १६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ कोलकात्यात दर वर्षी त्या दिवशी रक्तदान होते. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेकवर १ लाख ३१ हजारांहून अधिक माणसे होती. बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या 'डायमंड' पद्धतीचा तेव्हा बोलबाला होता. सामन्याआधी त्यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंच्या नावांची टिंगल केली होती. त्यांतल्याच एकाने, बायचुंग भुतियाने, तीन गोल केले. ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकला आणि पलीकडे बाकावर बसलेले प्रशिक्षक होते तेच पी. के. बॅनर्जी. २५ ऑक्टोबर २००९ रोजी बागानने ५-३ असे उट्टे काढले. त्यात एकट्या एडेह चिडीचे चार गोल. पुढे तोही ईस्ट बंगालकडून खेळला!

गोलरक्षकाचे म्हणाल तर आम्हां गोवेकरांच्या घरातच त्याचे उदाहरण आहे. आपले ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार झाले. त्यांच्या काळात गोव्याने संतोष करंडक जिंकला तो संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न स्वीकारता. ती गोष्ट आम्ही अजून अभिमानाने सांगतो आणि सांगताना सगळे श्रेय त्यांच्या दोन हातांना देतो. पण ते शून्य एकट्या गोलरक्षकाचे नव्हते. पुढे धावणारे, अडवणारे, चेंडू परत मिळवणारे दहा जण त्यात होते. आणि ते शून्य जर एकट्याचे नव्हते, तर पंचाहत्तरचे पाच तरी एकट्याचे कसे? मधल्या फळीने सोडलेला माणूस बचावफळीला सापडत नाही, म्हणून तो गोलरक्षकासमोर येतो. फळ्यावर मात्र शेवटच्या माणसाचेच नाव लागते.

हे फुटबॉलपुरतेच नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. मंडळाचा कार्यक्रम रंगला की सगळ्यांचा असतो आणि फसला की सचिवाचा. वर्गणी कमी जमली की खजिनदाराचा. ज्या रविवारी आम्ही अरिंदमचा निकाल लावत होतो, त्याच बैठकीत नंतर मागच्या वर्षीच्या तुटीसाठीही आम्ही एकाच माणसाकडे बोट दाखवले होते. काकांचे बोलणे ऐकल्यावर मात्र जरा लाज वाटली. हिशेब पुन्हा काढला तेव्हा ती तूट बाराजणांनी मिळून केलेली निघाली. त्या बारांत आम्हीही होतो.

आणि अरिंदम भट्टाचार्य? ज्याला आम्ही त्या दिवशी मोडीत काढले, त्याच गोलरक्षकाने त्याच्या आदल्याच हंगामात आयएसएलचा सर्वोत्तम गोलरक्षकाचा 'गोल्डन ग्लव्ह' पुरस्कार मिळवला होता. तेही याच गोव्याच्या मैदानांवर खेळून, आणि मोहन बागानकडूनच! काकांनी हे सांगितल्यावर बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही.

यंदाही आरतीनंतर मांडवात खुर्च्या गोल करून गप्पा होतील. फुटबॉल निघेल, क्रिकेट निघेल, मंडळाचा कारभार निघेल. जरूर निघावा, वादाशिवाय उत्सवाला रंग नाही आणि ईस्ट बंगालसारखा क्लब वादातूनच उभा राहिला. पण तो वाद एका वगळलेल्या मुलाच्या बाजूने उभे राहण्यासाठी होता. एखाद्या पोराला चारचौघांत वगळण्याआधी तेवढे आठवले तरी पुरे.

गणपती बाप्पा मोरया!